सर मान का वळवत नाहीत?



जून महिन्यात आमच्या शाळेत पहिलीला नवी पोरं येतात. पहिले आठ-दहा दिवस रडण्यात जातात. मग एक दिवस त्यातलंच एखादं धीट पोर मला विचारतं, "सर, तुम्ही मान का वळवत नाही?"

खरंच आहे ते. मला उजवीकडे बघायचं असलं, की मी सगळाच उजवीकडे वळतो. खांद्यासकट, पोटासकट. फळ्यावर लिहिताना मागे कोण कुणाला चिमटा काढतंय हे बघायचं तर पूर्ण गिरकी घ्यावी लागते. तोवर चिमटा काढणारा पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो, अगदी गरीब गाईसारखा! दरवर्षी मी त्या प्रश्नाला काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचो. "झोपेत अवघडली रे," असं. पंधरा वर्षं कुणाची मान अवघडलेली राहते का? पण पोरं ऐकून घ्यायची.

यंदा मात्र खरं उत्तर द्यायचं ठरवलंय. कारण आहे आमचा बंड्या. (त्याचं खरं नाव बंड्या नाही. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारूनच हे लिहितोय.)

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे बंड्याची कळेल.

२००८ साली मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वय वीस. वसतिगृहात राहायचो. पहाटे तीन-चार वाजले, की कमरेच्या खाली, कुल्ल्यात (हसू नका!) ठणका लागायचा. कधी उजव्या बाजूला, कधी डाव्या. झोपून राहिलं की वाढायचा. म्हणून मी उठून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचो. खोलीतल्या मित्रांना वाटायचं, हा पहाटे उठून पाठ करतोय. सकाळी पायात चप्पल घालायला वाकणंसुद्धा कठीण. पण दहा-अकरा वाजेपर्यंत मी टुणटुणीत! संध्याकाळी व्हॉलीबॉलदेखील खेळायचो. मग कोण विश्वास ठेवणार?

गावाकडे आलो, की आजी म्हणायची, "उसण भरलीय." उसणीवर आमच्याकडे जालीम उपाय. पायाळू माणसाची लाथ! पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. आमच्या आळीतल्या एका पायाळू काकांनी माझ्या पाठीवर सात सकाळी सात लाथा मारल्या. अगदी हळू, प्रेमानं. फरक काही पडला नाही. मग कुणी सांगितलं नस दबलीय, कुणी सायटिका, कुणी म्हणालं थंडीनं. एक्स-रे काढला तर त्यात काही दिसेना. "पूर्ण विश्रांती घ्या," असा सल्ला सगळ्यांनी दिला. मी सुट्टीभर अंथरुणात पडून राहिलो आणि दुखणं दुप्पट झालं.

नेमकं नाव कळायला २०१४ साल उजाडलं. पुण्याच्या एका संधिवाततज्ज्ञांनी पाचच मिनिटं प्रश्न विचारले. पहाटे जाग येते का? सकाळी अंग किती वेळ आखडतं? विश्रांतीनं वाढतं की कमी होतं? मग म्हणाले, "अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस." सहा वर्षं मी ज्याला शोधत होतो ते हे नाव! घरी येईपर्यंत मी ते तीनदा विसरलो.

नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा. ग्रीक भाषेत 'अँकिलोस' म्हणजे वाकलेला, ताठलेला आणि 'स्पाँडिलोस' म्हणजे मणका. मराठीत मणक्यांचा, जखडून टाकणारा संधिवात म्हणू. एक घोटाळा मात्र करू नका. मानेला पट्टा बांधून हिंडणारे तुमचे आजोबा "मला स्पाँडिलायटिस आहे" म्हणतात ना, तो बहुतेक वेळा वयानं होणारी झीज असते. आमचा आजार वेगळा. हा म्हातारपणाचा नाहीच. तो साधारण सतरा-अठरापासून तिशीपर्यंतच्या तरुणांना गाठतो आणि पंचेचाळिशीनंतर नव्यानं क्वचितच सुरू होतो. काहींना तर तुमच्या वयातच.

आता पाठीच्या कण्यात जरा डोकावू. विज्ञानाच्या तासाला शिकलाच असाल. मानेत ७ मणके (जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच असतात बरं का!), पाठीत १२, कमरेत ५. त्याखाली लहानपणी ५ सुटे मणके असतात, ते मोठेपणी जुळून एक तिकोनी हाड होतं. आणि सगळ्यात शेवटी माकडहाड. हे नाव घेतलं, की आमचा वर्ग पाच मिनिटं ताळ्यावर येत नाही.

ते तिकोनी हाड दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडांना जिथं मिळतं, तिथं दोन सांधे आहेत. आजाराची सुरुवात बहुधा तिथून होते. म्हणून दुखतं ते कुल्ल्यात.

पण होतं काय? आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक व्यवस्था असते. ती म्हणजे राखणीचं कुत्रं समजा. चोरावर भुंकणं हे त्याचं काम. या आजारात ते कुत्रं घरच्याच माणसांवर भुंकायला लागतं. हाडांना बांधून ठेवणारे दोरखंडासारखे पट्टे जिथं हाडाला चिकटतात, नेमक्या त्या जागी सूज येते. ती महिनोन्‌महिने राहते. मग शरीर दुरुस्तीला गवंडी पाठवतं. गवंडी भिंतीच्या भेगा बुजवतो हे चांगलंच, पण हा गवंडी बुजवता बुजवता दारंखिडक्यासुद्धा बुजवून टाकतो! दोन मणक्यांच्या मधल्या जागेवर नवं हाड चढतं आणि सुटे मणके एकमेकांना जोडले जातात. फार वर्षांच्या आजारात एक्स-रेमध्ये कणा चक्क बांबूसारखा दिसतो, पेरं पेरं असलेला. डॉक्टर त्याला बांबूचा कणाच म्हणतात. माझी मान त्या वाटेवर बरीच पुढे गेली. कंबर वाचली.

सगळ्यांचाच बांबू होतो असं मात्र नाही. पुष्कळ जणांचा आजार त्या टोकाला कधीच जात नाही. आणि आता औषधं चांगली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे वाचून एखादी आई रात्रभर जागायची.

आता बंड्या.

बंड्या गेल्या वर्षी सातवीत होता. हुशार, चित्रं सुरेख काढणारा. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेला हमखास उशीर. यायचाही लंगडत. "टाच दुखते सर." प्रार्थनेला मांडी घालून बसायचं तर पाय लांब करायचा. परत उठताना वेळ लावायचा. आणि मधल्या सुट्टीत बघावं तर पठ्ठ्या खो-खो खेळतोय! सगळी शाळा त्याला 'नाटकी' म्हणायची. मीसुद्धा. एका शनिवारी मी त्याला प्रार्थना संपेपर्यंत भिंतीशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सकाळी लंगडा आणि दुपारी घोडा, हे कसलं दुखणं रे?"

वाचलंत ना? हेच वाक्य, थोड्या फरकानं, वसतिगृहात लोक माझ्याबद्दल बोलायचे. ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या खिडकीशी उभा होतो. आत बंड्या माझी नक्कल करत होता. खुर्चीत बसून, मान ताठ ठेवून, "कोण बोलतंय रे?" म्हणत सगळ्या अंगानं वळायचा. पोरं हसून लोळत होती. मलाही हसू आलं. नक्कल संपली, तो उठायला लागला. आधी बाकाची कड धरली, मग एक हात मांडीवर ठेवला, थोडा थांबला आणि मग हळूच सरळ झाला. पोरांना वाटलं, हीसुद्धा नक्कलच. पण माझं हसू तिथंच थांबलं. कारण मी वर्गात तसा कधीच उठत नाही. मी तसा उठतो तो पहाटे, घरी, कुणी बघत नसताना. ती नक्कल नव्हती. ते त्याचं स्वतःचं उठणं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "वाढीचं वय आहे, सर. हाडं दुखायचीच." आईनं मात्र सांगितलं, की वर्षभरात त्याचा उजवा गुडघा दोनदा सुजला होता, आणि सकाळी तो संडासला उकिडवा बसू शकत नाही. पोरानं ही गोष्ट लाजेनं कुणालाच सांगितली नव्हती. मी त्याची माफी मागितली. त्याच्या आईवडिलांसमोर. तो आपला खाली बघून अंगठ्यानं जमीन उकरत बसला.

पुढे तपासण्या झाल्या. लहान मुलांत हा आजार पुष्कळदा पाठीपासून सुरूच होत नाही. टाचा, गुडघे, घोटे, खुबे यांपासून सुरू होतो आणि पाठ मागाहून येते. म्हणून त्या वयात डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात. पण खानदान तेच. बंड्याच्या रक्तात 'एचएलए-बी २७' नावाची खूण सापडली. ही खूण आपल्याला आईवडिलांकडून मिळते. तिचा आणि या आजाराचा संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या शास्त्रज्ञांनी जगाला दाखवला. पण खूण असलेल्या बहुतेक माणसांना हा आजार आयुष्यभर होतच नाही, आणि खूण नसतानाही काहींना होतो. तेव्हा नुसत्या रक्ताच्या कागदावरून घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. साध्या एक्स-रेत फरक दिसायला वर्षं लागतात. एमआरआयमध्ये सूज आधी कळते. बंड्याची कळली.

सातवीच्या वर्गाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "सर, त्याच्या बाकावर बसलं तर आपल्याला लागतो?" नाही! मुळीच नाही. हा जंतूचा रोग नाही. एका ताटात जेवा, एका बाटलीतलं पाणी प्या, खुशाल गळ्यात गळे घाला. दुसरा प्रश्न होता, "बरा होतो का?" याचंही खरं उत्तर दिलं. मुळापासून जात नाही, पण दाबून ठेवता येतो. शेतात तण काढतो तसं. एकदा काढून भागत नाही.

दाबून ठेवायचा कसा, तर पहिलं औषध म्हणजे हालचाल. इथंच सगळे चुकतात, मीही चुकलो. साधी पाठदुखी विश्रांतीनं कमी होते, ही विश्रांतीनं वाढते. दाराची बिजागरी रोज हलली तर गंजत नाही ना, तसंच. बंड्याची आई आता शनिवारी त्याला अर्धा तास आधी उठवते. गरम पाण्यानं अंघोळ, मग फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले ताणाचे व्यायाम, खोल श्वास. झोपताना उशी पातळ, गादी कडक आणि रोज थोडा वेळ पालथं पडायचं. रविवारी मामाबरोबर विहिरीत पोहणं. पोहणं या आजाराला फार चांगलं. (मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, हे सांगायला नकोच.) वर्गात त्याला तासाच्या मध्ये उठून दोन फेऱ्या मारायची मुभा आहे, प्रार्थनेला स्टूल आहे. पहिल्या आठवड्यात आणखी चौघांच्या टाचा दुखायला लागल्या. स्टूल एकच आहे म्हटल्यावर बऱ्या झाल्या.

दुसरं औषध गोळ्यांचं. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, त्याही डॉक्टर सांगतील तेवढ्या, जेवणानंतर. मेडिकलमधून मनानं आणून वर्षानुवर्षं खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. आणि पालकहो, आत काय आहे ते न सांगता दिलेल्या पुड्या तर नकोतच. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी या शतकाच्या सुरुवातीपासून नवी इंजेक्शनं आली आहेत. ती त्या भुंकणाऱ्या कुत्र्यालाच आवरतात. पण कुत्रं बांधून ठेवलं, की खरा चोर आला तर? म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. शरीरात झोपलेला क्षय त्या इंजेक्शनांनी जागा होऊ शकतो. ती महागही आहेत. आपल्याकडे तयार व्हायला लागल्यापासून किंमत उतरली, तरी शेतकऱ्याच्या घराला जडच. बंड्याला अजून तरी लागलेली नाहीत.

दोन गोष्टी मात्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एक, डोळा. या आजारात मधूनच एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं. लोक म्हणतात डोळे आलेत. डोळे आले तर चिकटतात, खाजतात. हा प्रकार वेगळा आणि त्यासाठी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, नाहीतर नजरेला धोका. मला दोनदा झालाय. दुसरी गोष्ट, मान. केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घ्यायची आपल्याकडे भारी हौस! मीही घ्यायचो. हा आजार असलेल्यानं ते कधीही करू नये. जोडला गेलेला कणा दिसायला मजबूत, पण असतो ठिसूळ. साध्या झटक्यानं किंवा पडण्यानंही मोडू शकतो. आणि विडी-सिगरेटनं हा आजार आणखी बिघडतो, हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आता तुमच्यातल्या कुणाकुणाला वाटेल, माझीही पाठ दुखते, मलाही हेच! थांबा. मुलांची बहुतेक पाठदुखी दप्तराची, वाकून मोबाइल बघण्याची किंवा खेळात लचकल्याची असते आणि चार-आठ दिवसांत जाते. तीन महिन्यांहून अधिक टिकली, पहाटे जागं करत असेल, सकाळी अर्धा तास तरी अंग आखडत असेल आणि हालचालीनं मोकळं होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायचं. टाचा किंवा गुडघे वारंवार सुजत असतील तरीही. आणि पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं किंवा पायातला जोर कमी होणं दिसलं, तर एक दिवसही थांबायचं नाही. तो मणक्याचा क्षय असू शकतो, दुसरंही काही असू शकतं.

बंड्याला क्रिकेटचं वेड. म्हणून त्याला मी माइक अ‍ॅथर्टनची गोष्ट सांगितली. तुमच्या बाबांना आठवत असेल, इंग्लंडचा कप्तान. त्यालाही हाच आजार. डिसेंबर १९९५ मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंड हरणार अशी वेळ आली. अ‍ॅथर्टन ६४३ मिनिटं खेळपट्टीवर उभा राहिला. पावणेअकरा तास म्हणा! नाबाद १८५ धावा केल्या आणि कसोटी वाचवली. ११५ कसोट्या खेळला तो. बंड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पण सकाळी त्याचा संघ त्याला नाटकी म्हणायचा का?" मला उत्तर देता आलं नाही.

बंड्या आता आठवीला हायस्कूलमध्ये गेला. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे येतो, मोजमापाला. तुम्हीही करून बघा, गंमत आहे. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, समोर बघत ताठ उभं राहायचं. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर मधलं अंतर मोजायचं. मग छातीभोवती टेप धरून श्वास पूर्ण सोडायचा, पूर्ण भरायचा. किती सेंटिमीटर फुगली ते लिहायचं. तिसरं मोजमाप वाकण्याचं. कमरेवर मागे दोन खळ्या असतात. त्यांच्या मधोमध पेनानं एक खूण, तिथून दहा सेंटिमीटर वर दुसरी. गुडघे न वाकवता पुढे वाकलं, की ते दहाचे निदान पंधराच्या आसपास व्हायला हवेत. डॉक्टरही असंच मोजतात. आकडा कमी आला म्हणून आजार झाला असं नाही हं. आम्ही फक्त महिन्यामहिन्याचा फरक बघतो.

परवाच्या रविवारी बंड्याचं भिंतीपासूनचं अंतर शून्य आलं, छाती साडेपाच सेंटिमीटर, वाकणं साडेपंधरा. सगळं मी त्याच्या वहीत लिहिलं. मग तो म्हणाला, "आता तुम्ही उभे राहा." माझं अंतर आलं सात सेंटिमीटर. छाती जेमतेम तीन. त्यानं ते माझ्या वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं, माझ्याच खिशातला लाल पेन काढला आणि खाली शेरा लिहिला : 'व्यायामात नियमितता नाही. पालकांना भेटायला सांगावे.'

माझ्या आईला दाखवला तो शेरा. तिनं खाली सही केलीय.